फ्लोट३२अ‍ॅरे वापरल्यापासून आलेखातले बिंदू उभ्या रांगांत का गोळा होतात?

प्रश्न : आलेखवेडा

नमस्कार. एका खोलीतल्या तापमान-संवेदकाकडून दर सेकंदाला येणाऱ्या नोंदींचा आलेख ब्राउझरमध्ये दाखवणारे पान मी लिहीत आहे. एका वेळी ९० दिवसांच्या, म्हणजे ७७,७६,००० नोंदी हाताळाव्या लागतात. सर्व्हरकडून जेसन या अक्षरी स्वरूपात दोन याद्या येतात. पहिलीत १ जानेवारी १९७० पासून मोजलेले मिलिसेकंद असतात आणि दुसरीत अंश सेल्सिअसमधले तापमान असते. आजवर हे सगळे मी साध्या अ‍ॅरेत ठेवत होतो. आलेख बरोबर येत होता, पण पान फार जड झाले होते, म्हणून दोन्ही याद्यांसाठी फ्लोट३२अ‍ॅरे वापरायला घेतला. त्यात प्रत्येक संख्येला ३२ बिटांचे घर मिळते. नेमका हाच प्रकार का निवडला, तर ब्राउझरमध्ये ग्राफिक्स काढणाऱ्या वेबजीएलच्या बहुतेक उदाहरणांत तोच दिसतो, यापलीकडे माझ्याकडे कारण नाही.

बदल केल्यापासून तीन गोष्टी बिघडल्या आहेत. पहिली अशी की, आलेख मोठा करून पाहिला की सेकंदासेकंदाचे बिंदू पसरलेले दिसण्याऐवजी ते उभ्या रांगांत एकावर एक गोळा झालेले दिसतात आणि दोन रांगांमध्ये प्रत्येक वेळी २ मिनिटे ११ सेकंदांचे अंतर असते. दुसरी अशी की, २३.४ हे तापमान साठवून परत वाचले की २३.३९९९९९६१८५३०२७३ मिळते, त्यामुळे ‘नेमके २३.४ असलेल्या नोंदी शोधा’ या चाळणीला एकही नोंद सापडत नाही. तिसरी अशी की, संवेदक बंद असतानाच्या काळात पूर्वी आलेखात मोकळी जागा राहत असे. आता तिथे रेघ थेट शून्य अंशावर कोसळते आणि तिथून परत वर चढते.

टाइप्ड अ‍ॅरे (असे ठरावीक रुंदीच्या घरांचे अ‍ॅरे) या कामासाठी बनलेलेच नाहीत, असे समजून ते सोडून द्यावेत, की माझ्याच वापरात काही चुकते आहे?

उत्तर १ : दशमान

टाइप्ड अ‍ॅरे सोडून देण्याचे कारण नाही, मात्र दोन्ही याद्यांना एकच प्रकार लावणे ही चूक आहे. तुमच्या पहिल्या दोन तक्रारींचे मूळ एकच आहे, पण एक तक्रार गंभीर आहे आणि दुसरी जवळजवळ निरुपद्रवी आहे, म्हणून त्या वेगवेगळ्या पाहू.

जावास्क्रिप्टमधली साधी संख्या आयईईई ७५४ या मानकानुसार ६४ बिटांत मांडलेली असते. त्यांतला १ बिट चिन्हाला, ११ बिट घातांकाला आणि ५२ बिट अपूर्णांकाला जातात. सुरुवातीचा १ गृहीत धरलेला असल्यामुळे प्रत्यक्षात ५३ बिटांची अचूकता मिळते. फ्लोट३२अ‍ॅरेचे प्रत्येक घर ३२ बिटांचे असते आणि तिथे हीच वाटणी १, ८ आणि २३ अशी होते, म्हणजे अचूकता २४ बिटांची राहते. दशमान पद्धतीत बोलायचे तर साधारण ७ सार्थ अंक. संख्या किती मोठी असू शकते ही मर्यादा घातांक ठरवतो आणि ती ३.४ गुणिले १० चा ३८ वा घात इतकी प्रचंड असल्यामुळे, तुमचा मिलिसेकंदांचा आकडा घरात ‘मावतो’. तो मावतो म्हणूनच कुठलीही त्रुटी कळवली जात नाही. प्रश्न मावण्याचा नसून शेजारच्या दोन मांडता येण्याजोग्या संख्यांमधल्या अंतराचा आहे.

हे अंतर संख्येबरोबर वाढत जाते. ३२ बिटांत १,६७,७७,२१६ पर्यंतचा, म्हणजे २ च्या २४ व्या घातापर्यंतचा प्रत्येक पूर्णांक अचूक मांडता येतो. त्याच्या पुढचा १,६७,७७,२१७ मांडता येत नाही; तो साठवायला गेलात तर १,६७,७७,२१६ च परत मिळतो. तिथून पुढे फक्त सम संख्या, त्यानंतर फक्त ४ च्या पटी, मग ८ च्या, अशी जाळी विरळ होत जाते. सध्याची वेळ मिलिसेकंदांत १७,००,००,००,००,००० च्या पुढे आहे, म्हणजे ती २ चा ४० वा आणि ४१ वा घात यांच्या मध्ये पडते. या पट्ट्यात शेजारच्या दोन ३२ बिटी संख्यांमध्ये २ चा १७ वा घात, म्हणजे १,३१,०७२ इतके अंतर असते. १,३१,०७२ मिलिसेकंद म्हणजेच तुम्ही मोजलेली २ मिनिटे ११ सेकंद. त्या अवधीतल्या सुमारे १३१ नोंदींना एकच वेळ मिळते आणि त्यांची उभी रांग तयार होते. तुम्ही रांगांमधले अंतर मोजून लिहिलेत हे फार बरे केलेत; तेवढ्यावरूनच निदान झाले.

यावरचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे वेळेसाठी फ्लोट६४अ‍ॅरे वापरणे. त्याचे घर जावास्क्रिप्टच्या साध्या संख्येइतकेच रुंद असल्यामुळे काहीच गमावले जात नाही आणि ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंतचे पूर्णांक अचूक राहतात. ९० दिवसांच्या वेळांना त्यासाठी ६,२२,०८,००० बाइट लागतील, तर फ्लोट३२अ‍ॅरेला ३,११,०४,००० लागले असते. एवढी मेमरी खर्च करायची नसेल, तर पहिल्या नोंदीची वेळ एका साध्या चलात वेगळी ठेवा आणि प्रत्येक नोंदीची वेळ त्या क्षणापासूनच्या सेकंदांत साठवा. पूर्ण सेकंद असतील तर १,६७,७७,२१६ सेकंद, म्हणजे १९४ दिवस, फ्लोट३२अ‍ॅरेतही अचूक बसतात. वजाबाकी मात्र साठवण्याच्या आधी, ६४ बिटांत असतानाच करायला हवी. आधी ३२ बिटांत साठवून मग वजा केलेत, तर गेलेले अंक परत येणार नाहीत.

आता २३.४ विषयी. ही संख्या द्विमान पद्धतीत ६४ बिटांतही अचूक मांडता येत नाही, हे आधी लक्षात घ्या. साध्या संख्येत २३.४ छापून येते, ते जावास्क्रिप्ट त्या संख्येला इतरांपासून वेगळे ओळखू देणारे सर्वांत आखूड दशमान रूप छापते म्हणून. १६ ते ३२ या पट्ट्यात ३२ बिटी संख्यांमधले अंतर २ चा उणे १९ वा घात, म्हणजे सुमारे ०.०००००१९ असते. २३.४ ला सर्वांत जवळचे घर २३.३९९९९९६१८५३०२७३ हे आहे आणि ते परत वाचताना ६४ बिटांत रुंदावले जाते, तेव्हा तो फरक डोळ्यांना दिसू लागतो. एक दशांश अंशापर्यंत मोजणाऱ्या संवेदकाच्या दृष्टीने हा फरक शून्यच आहे. दाखवताना टूफिक्स्ड वापरून एक दशांश स्थळ ठेवा. तुलना करताना एक तर दोन्ही बाजू ३२ बिटांवर आणा, त्यासाठी २०१५ च्या मानकात आलेले मॅथ डॉट एफराउंड आहे, किंवा फरकाचे निरपेक्ष मूल्य ०.०५ पेक्षा कमी आहे का, ते पाहा. मी स्वतः दुसरा मार्ग घेईन, कारण उद्या संवेदक बदलून तो दोन दशांश स्थळे देऊ लागला तरी चाळणीचा अर्थ तोच राहतो.

उत्तर २ : मितभाषी

तिसऱ्या तक्रारीचे कारण जेसनमधला नल, म्हणजे ‘मूल्य नाही’ ही खूण, आहे. टाइप्ड अ‍ॅरेत काहीही ठेवले की ते आधी संख्येत रूपांतरित होते. अनडिफाइन्डचे नॅन (‘संख्या नाही’ अशी खूण) होते, पण नलचे शून्य होते, रिकाम्या अक्षरमालेचेही शून्यच होते. साध्या अ‍ॅरेत नल हा नल म्हणूनच राहत होता, त्यामुळे आलेखाची लायब्ररी तिथे रेघ तोडत होती.

सर्व्हरने नॅन पाठवावे ही अपेक्षा ठेवू नका, कारण जेसनमध्ये नॅन लिहिण्याची सोयच नाही आणि जावास्क्रिप्टमध्ये नॅन जेसनमध्ये बदलले की त्याचाही नल होतो. याद्या भरतानाच प्रत्येक घटक तपासा आणि नल असेल तिथे स्वतः नॅन लिहा. त्यानंतर एक काळजी घ्यावी लागेल: एकही नॅन बेरजेत आला की संपूर्ण बेरीज नॅन होते, आणि इंडेक्सऑफ नॅनला कधीच शोधू शकत नाही, इन्क्लूड्स मात्र शोधते. तेव्हा लूपमध्ये नंबर डॉट इजनॅन ही तपासणी ठेवा.

हा शून्याचा घोळ उभ्या रांगांपेक्षा जास्त घातक आहे असे मला वाटते. रांगा निदान डोळ्यांना खुपतात. पण हिवाळ्यातल्या बाहेरच्या तापमानाच्या नोंदी असत्या, तर खोटे शून्य कोणाच्या लक्षातही आले नसते.

उत्तर ३ : बाइटमोजणी

दशमान यांनी लिहिलेले सगळे बरोबर आहे, तरीही या कामाला फ्लोटिंग पॉइंट हवाच कशाला, हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा, म्हणून मी विचारतो.

संवेदक एका दशांश स्थळापर्यंत मोजतो. तापमानाला १०० ने गुणून, जवळच्या पूर्णांकात आणून इंट१६अ‍ॅरेत ठेवले, तर उणे ३२७.६८ ते ३२७.६७ अंशांपर्यंतची प्रत्येक शतांश नोंद अचूक बसते, एका नोंदीला २ च बाइट लागतात आणि २३.४ शोधायचे म्हणजे २३४० शोधायचे, इतकी तुलना सरळ होते. नोंद नसल्याची खूण म्हणून उणे ३२७६८ राखून ठेवता येते. गुणाकारानंतर मॅथ डॉट राउंड विसरू नका, कारण पूर्णांकी टाइप्ड अ‍ॅरे दशांश भाग सरळ कापून टाकतात, आणि मर्यादेबाहेरची संख्या ते नाकारत नाहीत, तर ६५,५३६ च्या पटीने गुंडाळून भलत्याच संख्येत बदलतात. ३२७.६८ अंश साठवायला गेलात तर उणे ३२७.६८ मिळेल. खोलीच्या तापमानाला ही भीती नाही. भट्टीच्या तापमानाला आहे.

वेळेचेही तसेच. नोंदी खरोखर दर सेकंदाला, न चुकता येत असतील, तर वेळ साठवण्याची गरजच नाही, कारण पहिली वेळ अधिक इंडेक्स एवढेच उत्तर आहे. मध्ये सेकंद गळत असतील तर १९७० पासूनचे पूर्ण सेकंद यूइंट३२अ‍ॅरेत ठेवा. ते सन २१०६ पर्यंत पुरतात. मिलिसेकंद हवेच असतील, तर ठरावीक आरंभापासून मोजलेले मिलिसेकंद याच अ‍ॅरेत ४९ दिवसांहून थोडे अधिक काळ मावतात, म्हणजे तुमच्या ९० दिवसांना अपुरे पडतात.

उत्तर ४ : दशमान

बाइटमोजणी यांचा मुद्दा मला मान्य आहे, पण अर्धाच. साठवणीसाठी पूर्णांक उत्तम. मात्र हा आलेख वेबजीएलने काढला जात असेल, तर शेवटी बिंदूंचे स्थान शेडरमध्ये, म्हणजे ग्राफिक्स चिपवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ३२ बिटी फ्लोट म्हणूनच हिशोबात येते आणि तिथे ६४ बिटांचा पर्यायच नाही. म्हणून आरंभबिंदू वजा करण्याची सवय टाळता येत नाही. वेळेऐवजी नकाशा असता तरी हेच झाले असते. ६४ ते १२८ अंश रेखांशांमध्ये ३२ बिटी संख्यांमधले अंतर २ चा उणे १७ वा घात इतके अंश, म्हणजे विषुववृत्तावर सुमारे ८५ सेंटिमीटर असते. नकाशा खूप जवळून पाहताना घरांच्या कडा थरथरताना दिसतात त्या यामुळेच, आणि तिथेही उपाय तोच आहे: दिसणाऱ्या भागाचे केंद्र ६४ बिटांत वजा करायचे आणि उरलेला लहान फरक तेवढा ग्राफिक्सकडे द्यायचा.

फ्लोट३२अ‍ॅरे सगळीकडे दिसतो त्याचा उगमही इथेच आहे. टाइप्ड अ‍ॅरे वेबजीएलच्या गरजेतून आले. २०११ मध्ये वेबजीएलची पहिली आवृत्ती जाहीर झाली तेव्हा ग्राफिक्सला सलग बाइटांत मांडलेल्या संख्या द्यायची सोय हवी होती, आणि भाषेच्या मानकात ते २०१५ मध्ये आले. वेब ऑडिओतही ध्वनीचे नमुने फ्लोट३२अ‍ॅरेतच मिळतात. उणे १ ते १ मधल्या ध्वनीला किंवा पडद्यावरच्या बिंदूला ७ अंक भरपूर होतात. १९७० पासूनच्या मिलिसेकंदांना ते होत नाहीत, एवढेच.

आलेखवेडा

सर्वांचे आभार. वेळेसाठी फ्लोट६४अ‍ॅरे घेतला आणि रांगा नाहीशा झाल्या. नलच्या जागी नॅन भरल्यावर मोकळ्या जागाही परत आल्या. तापमान तूर्त फ्लोट३२अ‍ॅरेतच ठेवले आहे, कारण आलेखाकडे ते तसेच जाते.

आता नवीन कोडे पडले आहे. प्रत्येक क्षणी मागच्या एका तासाची सरासरी दाखवायची आहे. दर वेळी ३,६०० नोंदींची बेरीज करण्याऐवजी मी सुरुवातीपासूनची चढती बेरीज आणखी एका फ्लोट३२अ‍ॅरेत साठवतो आणि तासाच्या दोन टोकांच्या बेरजा वजा करून ३,६०० ने भागतो. सध्याच्या नोंदींत एकही नॅन नाही आणि खोलीचे तापमान पूर्ण ९० दिवस २३ ते २४ च्या मध्ये आहे. सुरुवातीचे काही दिवस सरासरी चोख येते. त्यानंतर ती डगमगते, आठव्या-नवव्या दिवसापासून नेमकी २४ वर सपाट होते आणि सुमारे ६५ व्या दिवसानंतर अचानक १६ दाखवू लागते. २३ आणि २४ च्या मधल्या संख्यांची सरासरी १६ कशी येऊ शकते?

दुसरे असे की, शेवटच्या दिवसाच्या नोंदी सबअ‍ॅरेने वेगळ्या काढून त्यांतून मी सरासरी वजा केली, तर मूळ अ‍ॅरेतल्या त्या दिवसाच्या नोंदीही बदलल्या.

उत्तर ५ : शून्योत्तर

हे १६ फार सुरेख आहे. शिकवण्यासाठी मुद्दाम बेतलेले उदाहरण वाटावे इतके.

चढती बेरीज वाढत जाते तशी तिची जाळी विरळ होते आणि प्रत्येक नवी नोंद त्या जाळीवर बसवली जाते. बेरीज ८३,८८,६०८ ओलांडते तेव्हा, म्हणजे चौथा दिवस संपल्यावर, फक्त पूर्णांक मांडता येतात. त्यामुळे २३.४ मिळवले की प्रत्यक्षात २३ मिळवले जाते आणि २३.६ मिळवले की २४. तुमची डगमग ही आहे. आठ दिवसांनी बेरीज १,६७,७७,२१६ च्या पुढे जाते आणि फक्त सम संख्या उरतात. २३ आणि २४ च्या मधल्या कोणत्याही संख्येला जवळची सम संख्या २४ च असल्यामुळे दर सेकंदाला बरोबर २४ मिळवले जातात. पुढे जाळी ४ ची होते, मग ८ ची होते. पण २४ हा दोहोंच्या पटीत असल्यामुळे तुम्हाला काहीच बदललेले दिसत नाही. ६५ व्या दिवसाच्या सुमारास बेरीज १३,४२,१७,७२८ ओलांडते आणि जाळी १६ ची होते. आता पर्याय १६ किंवा ३२ एवढेच. २४ पेक्षा लहान असलेली प्रत्येक संख्या १६ ला जवळची आहे, म्हणून दर सेकंदाला १६ मिळवले जातात आणि सरासरीही तीच येते. संवेदक, सूत्र आणि भागाकार हे तिन्ही निर्दोष आहेत.

इथे एक गैरसमज आड येतो. फ्लोट३२अ‍ॅरेतून वाचलेली संख्या लगेच ६४ बिटांची होते आणि जावास्क्रिप्टमधली प्रत्येक बेरीज ६४ बिटांतच होते. अचूकता जाते ती फक्त परत साठवण्याच्या क्षणी. म्हणून तापमान ३२ बिटांत ठेवून त्यांची बेरीज साध्या चलात केली असती तर एवढ्या नोंदींवरही काही बिघडले नसते. तुम्ही प्रत्येक पायरीची बेरीज ३२ बिटी घरात ठेवून तीच पुढच्या पायरीसाठी परत उचलता, त्यामुळे चूक साठत जाते. चढत्या बेरजेचा अ‍ॅरे फ्लोट६४अ‍ॅरे करा. ९० दिवसांची बेरीज १८ कोटींच्या आसपास जाते आणि तिथे ६४ बिटी संख्यांमधले अंतर ०.०००००००३ इतके असते, म्हणजे चिंता नाही. किंवा चढती बेरीज टाकून द्या, साध्या चलात एका तासाची सरकती बेरीज ठेवा, नवी नोंद मिळवा आणि तासापूर्वीची वजा करा. तुमच्या पानाला हा दुसरा मार्ग पुरेसा आहे, आणि त्यात ७७ लाख घरांचा एक संपूर्ण अ‍ॅरे वाचतो. पुढे कधी नोंदींत नॅन आलाच, तर दोन्ही मार्गांत तो वगळून मोजावे लागेल आणि ३,६०० ऐवजी खऱ्या नोंदींच्या संख्येने भागावे लागेल.

सबअ‍ॅरे नवी प्रत बनवत नाही. त्याच बाइटांकडे पाहणारी दुसरी खिडकी उघडते. प्रत हवी असेल तर स्लाइस वापरा. उलट नुसते वाचायचे असेल तेव्हा सबअ‍ॅरेच चांगला, कारण त्याला मेमरी जवळजवळ लागत नाही.

उत्तर ६ : कूटनाद

या सगळ्यात मूळ हेतू, म्हणजे पान हलके करणे, मागे पडला आहे. टाइप्ड अ‍ॅरे घेतला की वेग आपोआप वाढतो, असे नाही. क्रोम आणि नोड ज्यावर चालतात ते व्ही८ इंजिन, साध्या अ‍ॅरेत फक्त दशांश संख्या असतील, तर त्याही सलग ६४ बिटी घरांतच ठेवते. पण त्याच अ‍ॅरेत एक नल शिरला की संपूर्ण अ‍ॅरे सर्वसाधारण प्रकारात ढकलला जातो आणि प्रत्येक दशांश संख्येसाठी मेमरीत वेगळी जागा घ्यावी लागू शकते. म्हणजे तुमचे जुने पान जड होण्यात त्या नलचाच मोठा हात असू शकतो. माझा अंदाज असा की, फ्लोट६४अ‍ॅरे आणि निखळ संख्यांचा साधा अ‍ॅरे यांच्या वेगात तुम्हाला फारसा फरक जाणवणार नाही. टाइप्ड अ‍ॅरे तो प्रकार कधीच बदलणार नाही याची हमी देतो, आणि ती हमीच त्याची खरी किंमत आहे.

जड भाग बहुधा दुसरीकडे आहे. ७७ लाख वेळा आणि ७७ लाख तापमाने जेसनच्या अक्षरांत लिहून पाठवणे, ती वाचून आधी साधा अ‍ॅरे बनवणे आणि मग टाइप्ड अ‍ॅरेत उतरवणे, या सगळ्यात डेटा काही काळ दोन-तीन रूपांत मेमरीत असतो. सर्व्हरला बाइटच पाठवायला सांगा आणि फेचच्या उत्तरावर अ‍ॅरेबफर मागा. मग त्या बफरवर, म्हणजे कच्च्या बाइटांच्या गठ्ठ्यावर, टाइप्ड अ‍ॅरे नुसता बसवायचा असतो. एकही संख्या अक्षरांतून वाचावी लागत नाही, आणि नॅनही जसाच्या तसा येतो. नोंदी वेगळ्या वर्करमध्ये (पानामागे स्वतंत्र चालणाऱ्या कोडमध्ये) तयार करत असाल, तर पोस्टमेसेजला बफर हस्तांतरणाच्या यादीत द्या. प्रत न होता मालकी बदलते आणि मूळ बाजूला शून्य लांबीचा अ‍ॅरे उरतो. पहिल्यांदा ते पाहून घाबरू नका.

साध्या अ‍ॅरेच्या सवयींपैकी काही इथे चालत नाहीत, त्याही एकत्र सांगतो. लांबी सुरुवातीलाच ठरते, पुश नसते, आणि लांबीबाहेरच्या इंडेक्सवर लिहिलेले मूल्य काहीही न कळवता टाकून दिले जाते. मॅप त्याच प्रकारचा अ‍ॅरे परत देतो, म्हणून तापमानांवरून ‘२३.४ अंश’ अशी लेबले बनवायला गेलात तर सगळीकडे नॅन मिळेल; तिथे अ‍ॅरे डॉट फ्रॉम वापरा. कमाल मूल्यासाठी संपूर्ण अ‍ॅरे मॅथ डॉट मॅक्सच्या कंसात पसरू नका, लाखो घटकांवर तो कोसळतो. एक सुखद बदलही आहे: सॉर्ट इथे संख्यांच्या क्रमानेच लावतो, अक्षरांच्या नाही, आणि नॅन शेवटी ढकलतो.

आलेखवेडा

बफरचा मार्ग घेतला आणि फरक लगेच जाणवला. मात्र सर्व्हरकडच्या सहकाऱ्याने फाइलच्या सुरुवातीला १० बाइटांचा शीर्षभाग ठेवला आहे, आणि त्याच्या पुढून फ्लोट६४अ‍ॅरे सुरू करायला गेले की रेंजएरर येते. डेटाव्ह्यूने एकेक संख्या वाचून पाहिली, तर त्रुटी येत नाही, पण तापमाने निरर्थक दिसतात.

उत्तर ७ : मितभाषी

टाइप्ड अ‍ॅरेची सुरुवात त्याच्या घराच्या रुंदीच्या पटीतच व्हावी लागते, फ्लोट६४ साठी ८ च्या आणि फ्लोट३२ साठी ४ च्या. १० दोहोंत बसत नाही. शीर्षभाग १६ बाइटांचा करून घ्या, त्यानंतर रुंद घरांच्या याद्या आधी आणि अरुंद घरांच्या नंतर ठेवा. असे केले की पुढची प्रत्येक सुरुवात आपोआप योग्य पटीत येते. सहकारी ऐकत नसेल तर बफरवर स्लाइस करून शीर्षभागाशिवायची प्रत घ्या, तेवढी मेमरी दुप्पट लागेल.

डेटाव्ह्यूला ही अट नाही, पण दुसरा वितर्क दिला नाही तर तो बाइटांचा क्रम मोठा बाइट आधी असा धरतो. तुमच्या सर्व्हरने बहुधा लहान बाइट आधी लिहिला आहे. गेटफ्लोट३२ ला दुसरा वितर्क म्हणून ट्रू द्या. टाइप्ड अ‍ॅरे यंत्राचाच क्रम घेतो आणि आजचे ब्राउझर चालतात ती यंत्रे जवळजवळ सगळी लहान बाइट आधी ठेवणारी आहेत, त्यामुळे तिथे हा प्रश्न आला नसता.

उत्तर ८ : बाइटमोजणी

शीर्षभाग बदलतच आहात तर त्या ६ जादा बाइटांत आवृत्तीचा क्रमांक ठेवायला सांगा. आणि २०२५ च्या मानकात फ्लोट१६अ‍ॅरे आला आहे म्हणून तो वापरण्याचा मोह कोणाला होईल, तर २३.४ तिथे २३.४०६२५ होते, कारण १६ ते ३२ मध्ये त्याची जाळी एक चौसष्टांशाची आहे. एका दशांश स्थळापुरते ते चालेल. पण तेवढ्याच २ बाइटांत इंट१६अ‍ॅरे शतांशापर्यंत अचूक आहे, हे मी पुन्हा सांगून ठेवतो.

आलेखवेडा

शीर्षभाग १६ बाइटांचा झाला, त्यात आवृत्तीचा क्रमांकही बसला. क्रम आता असा आहे: शीर्षभाग, मग फ्लोट६४ मधल्या वेळा, मग तापमाने. शेवटची यादी पुढच्या आवृत्तीत इंट१६ करून पाहणार आहे. नॅनऐवजी उणे ३२७६८ तपासण्याचा बदल आलेखाच्या भागात करावा लागेल, तो झाला की इथे कळवतो. तासाची सरासरी सरकत्या बेरजेवर नेली आहे आणि ९० व्या दिवशी ती २३.५ दाखवते.